तडा गेलेली टाकी

वसतिगृहातील दिवसांचे स्मरण होताच आम्हा काही माजी विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर प्रथम उभी राहते ती स्वयंपाकघरामागील पाण्याची टाकी. बांद्यात पावसाळ्यात तेरेखोल नदी पात्र सोडून बाजारपेठेत शिरते. आणि मे महिन्यात त्याच गावात विहिरीचा तळ दिसू लागला, की आम्ही कळश्या घेऊन रांगेत उभे असायचो.

या विसंगतीचा हिशेब कार्यानुभवाच्या गुरुजींनी एकदा फळ्यावर मांडला. छप्पर १०० चौरस मीटरचे आणि वर्षाचा पाऊस सुमारे ३,००० मिलिमीटर धरला, तर त्या एका छपरावर ३ लाख लिटर पाणी पडते. त्याचा लहानसा वाटा जरी अडविला, तरी उन्हाळ्यातील रांग टळेल.

टाकी बांधायचे ठरले. सळ्यांचा सांगाडा, त्यावर कोंबडी-जाळी आणि एक भाग सिमेंटला दोन भाग वाळूचा गिलावा. काम आम्ही हौसेने केले. पुढे निदान दहा दिवस ओले गोणपाट गुंडाळून भिंतीवर पाणी मारायचे होते. परंतु १४ एप्रिलच्या जयंतीच्या तयारीत आम्ही तीन दिवस तिकडे फिरकलोच नाही. कोकणातील एप्रिलच्या उन्हाने भिंतीला तडे गेले.

गुरुजी रागावले नाहीत. "ज्यांनी बांधली त्यांनीच दुरुस्त करायची, आणि पाणीही त्यांनीच प्यायचे," एवढेच म्हणाले. आम्ही तडे छिन्नीने उकरले, पुन्हा भरले आणि या वेळी पाळ्या लावून पाणी मारले. आषाढात टाकी भरली, तेव्हा तिला गळती नव्हती.

पुढे आमच्यापैकी काही जण औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत गेले. लोखंडी पट्टी कानशीने घासून काटकोनात आणायची आणि गुण मिळताच तो 'जॉब' भंगारात टाकायचा, असा तेथील शिरस्ता होता. हाताला वळण लागले, हे खरे. परंतु वस्तू किती वर्षे टिकेल, तिची दुरुस्ती कोण करील, तिच्यासाठी किती साहित्य व वीज खर्ची पडली, हे आम्हांला कोणी विचारले नाही.

असे विचारणारे शिक्षण महाराष्ट्रात उभे राहिलेले आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला. तेथे मुले गावाच्या गरजेची कामे करीतच तंत्र शिकतात. आपल्या जिल्ह्यात झारापच्या भगीरथ प्रतिष्ठानाने घरोघरी बायोगॅस पोहोचविला. या एका संयंत्रात गवंड्याला घुमटाची बांधणी शिकता येते, जोडाऱ्याला साबणाच्या पाण्याने सांध्यातील गळती शोधता येते आणि शेतकऱ्याला बाहेर पडणारी मळी माडाच्या मुळाशी घालता येते.

आज आमच्यातील काही जण स्वतः प्रशिक्षक आहेत. पर्यावरण हा वेगळा धडा म्हणून शिकवून फारसे साधत नाही, असा आमचा अनुभव आहे. विद्यार्थ्याने केलेले काम कोणीतरी वापरले पाहिजे, आणि ते बिघडले तर त्यालाच बोलावले पाहिजे. मग सिमेंट वाया घालविताना त्याचा हात आपोआप आखडतो.

माजी विद्यार्थी बंधुभगिनींना व पालकांना आमची नम्र विनंती आहे. शाळेला देणगी अवश्य द्यावी. परंतु वर्षातून दोन दिवस आपले हत्यार घेऊन यावे आणि शाळेतील एखादी बिघडलेली वस्तू मुलांच्या हातून दुरुस्त करून घ्यावी. टाकीवरील भरलेले तडे अजून दिसतात. आरंभ तेथूनच करता येईल.