बिनमहत्त्वाच्या बोलण्याचा परवाना

'हौशी' हा शब्द आपण मराठीत प्रामुख्याने रंगभूमीच्या संदर्भात वापरतो : हौशी नट, हौशी संस्था, हौशी नाट्यस्पर्धा. त्यात कौतुक असते, तशी थोडी कीवही असते. आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. 'हौशी रेडिओ'कडे आम्ही वळलो ते तंत्रज्ञानाच्या नव्हे, या शब्दाच्या ओढीने. हौशी नाटकाच्या संहितेला परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते हे ठाऊक होते. पण इथे हौस करण्याआधी सरकारची लेखी परीक्षा द्यावी लागते, हे कळल्यावर कुतूहल अधिकच वाढले.

२०१४ साली आम्ही मर्यादित श्रेणीच्या परीक्षेला बसलो. सर्वसाधारण श्रेणीसाठी आवश्यक असलेली मोर्सची चाचणी या श्रेणीला नव्हती. परीक्षार्थींत आमच्या विद्यार्थ्यांहून लहान मुले होती आणि ओहमचा नियम त्यांना आमच्यापेक्षा चांगला येत होता. विज्ञानाशी दहावीनंतर संबंध सुटलेला असला, तरी आयनांबराचे प्रकरण मात्र आम्ही कादंबरी वाचावी तसे वाचले. जमिनीवरून निघालेली लहर वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरांतून वळून पुन्हा भूमीकडे येते. सूर्य मावळला की खालचा शोषक थर विरतो आणि दिवसा जवळपास घुटमळणारा आवाज रात्री दूरवर पोचतो. त्यासाठी गच्चीवर सुमारे २० मीटर लांबीची तार ताणली, तरी चाळीस मीटरच्या पट्ट्यावर काम भागते.

खरे अडखळलो ते नियमांच्या भागात. १९७८ सालच्या नियमावलीनुसार संभाषण साध्या, उघड भाषेत हवे. सांकेतिक लिपी नको. संगीत नको, जाहिरात नको, बातम्यांचे प्रक्षेपण नको, धंद्याचे निरोप नकोत. शिवाय अर्जदाराची पोलीस-पडताळणी होते. या संशयाला इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने हौशी परवाने रद्द केले होते. आणि १९४२ साली मुंबईत उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला, तेव्हा सत्तेची ही भीती निराधार नव्हती, हे सिद्ध झाले.

याहून विलक्षण होते ते जुने आंतरराष्ट्रीय कलम. २००३ साली ते बदलले गेले. तोवर त्याचा आशय असा होता की, हौशी केंद्रांनी चाचण्यांविषयीचे तांत्रिक संदेश द्यावेत, आणि सार्वजनिक दूरसंचारसेवेचा आश्रय घेण्याइतके महत्त्व ज्यांना नाही, असे वैयक्तिक उद्गार काढावेत. म्हणजे, जे बोलणे महत्त्वाचे नाही तेच बोलण्याचा हा परवाना! साहित्याच्या अभ्यासकांना ही व्याख्या ओळखीची वाटेल. वैयक्तिक आणि वरवर बिनमहत्त्वाचे उद्गार म्हणजे आपला लघुनिबंधच. फडक्यांनी आपल्या संग्रहाला 'गुजगोष्टी' हे नाव दिले, ते काही उगाच नव्हे. आणि लघुनिबंधावर टीकाकारांनी ठेवलेला आक्षेपही नेमका हाच होता की, त्यात महत्त्वाचे असे काही नसते.

परवाना हाती आल्यावर पन्नास वॉटच्या मर्यादेत आम्ही बोलू लागलो, तेव्हा या आक्षेपाकडे नव्याने पाहावे लागले. या संभाषणात मजकूर खरोखरच अल्प असतो : आपले संकेतनाम, गाव, हवामान, यंत्र, अँटेना. नाव सांगताना रोमन अक्षरे एकेक करून सांगायची. त्या वर्णमालेत 'ळ' नाही, त्यामुळे कांबळे पलीकडे कांबले होऊन पोचतात. मात्र बोलण्याआधी ऐकावे लागते. वारंवारता मोकळी आहे का हे विचारावे लागते. वाक्य संपले की बटण सोडावे लागते, कारण ते दाबलेले असेपर्यंत दुसऱ्याचा शब्द कानी पडत नाही. व्याख्यानाची सवय जडलेल्या आम्हां दोघांना हा भाग परीक्षेपेक्षा कठीण गेला. आणि तुमचा आवाज कसा पोचला, याचा निर्णय समोरचा देतो : वाचनीयता पाचपैकी, तीव्रता नऊपैकी. समीक्षेत हे गुणांकन आजवर आम्ही करीत आलो. इथे ते आमच्या वाट्याला आले.

डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद आपल्या सहकाऱ्यांसह अंदमानात गेल्या होत्या, त्या हौशी प्रक्षेपणासाठीच. दुर्मीळ ठिकाणाहून जगभरच्या हौशींशी क्षणभर बोलणे, एवढाच हेतू होता. २६ डिसेंबरला त्सुनामी आली, नेहमीची संपर्कसाधने कोलमडली, आणि त्याच यंत्रावरून बेटांवरच्या माणसांची खुशाली मुख्यभूमीवरच्या नातेवाइकांपर्यंत पोचू लागली. हवामानाच्या आणि अँटेनाच्या गप्पांनी तयार झालेले कान त्या दिवशी उपयोगी पडले.

म्हणून बिनमहत्त्वाच्या बोलण्याचे समर्थन केवळ आपत्तीच्या उपयोगाने करावे, असे मात्र आम्हांला वाटत नाही. तसे केले तर 'महत्त्व' हाच निकष आपण मागच्या दाराने परत आणतो. कोणी ऐकत आहे का, हे विचारणे आणि कोणी विचारले तर ऐकत असणे, यालाही स्वतःचे मोल आहे. वर्गात आम्ही आशयाचे वजन करायला शिकवतो, आणि ते शिकवायलाच हवे. पण हल्ली एखाद्या विद्यार्थ्याने निबंधात काही विशेष सांगितलेले नसले, तरी शेरा लिहिण्यापूर्वी तो कोणाला हाक मारतो आहे, हे आम्ही एकदा पाहून घेतो.