खाटेपासून संडासापर्यंत

खुबा मोडलेल्या रुग्णाच्या घरी गेले की एक्स-रे मी नंतर बघते. आधी विचारते, संडास कुठे आहे? वाटेत उंबरा किती उंच, बसायला कमोड आहे की उकिडवं बसावं लागतं, रात्री दिवा असतो का? सोलापुरात फिजिओथेरपी करताना माझं एक मत पक्कं झालंय. वयस्कर माणूस बरा झाला की नाही हे हाड जुळण्यावरून ठरवू नये. तो आपल्या पायांनी संडासला जाऊन येतो का, यावरून ठरवावं.

मांडीच्या हाडाची मान मोडली की बहुधा वरचा गोळा बदलतात, त्याखाली मोडलं तर आतून रॉड घालतात. हे सगळं करायचं ते रुग्णाला लवकर उभं करता यावं म्हणून. सर्जननं मनाई केली नसेल, तर बहुतेकांना दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून पायावर भार देता येतो. भारतासह १७ देशांतल्या जवळपास ३,००० रुग्णांचा एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. काही तासांत ऑपरेशन उरकल्यानं मृत्यू कमी झाले नाहीत. पण रुग्ण लवकर उभे राहिले, त्यांना भ्रमही कमी झाला.

घरी आल्यावर मात्र मायाच आड येते. ‘आईनं जन्मभर राबून खाल्लंय, आता पडून राहू दे.’ मग जेवण अंथरुणात, पाणी अंथरुणात आणि लवकरच डायपर. या मायेची मला भीती वाटते. पडून राहिलेल्या म्हाताऱ्या शरीरातली ताकद काही दिवसांत ओसरते. छातीत कफ साठतो, पायाच्या शिरेत गुठळी होते, माकडहाडाजवळ जखम होते. जगभरचा अनुभव असा, की खुबा मोडल्यावर वर्षभरात पाचातला किमान एक वयस्कर रुग्ण दगावतो. त्याचा जीव जातो तो बहुधा अशा गुंतागुंतींनी आणि जुन्या आजारांनी.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या विडी कामगार बायकांचा प्रश्न आणखी अवघड. मांडीवर सूप घेऊन तासन्‌तास जमिनीवर बसण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. गोळा बदलल्यावर निदान सुरुवातीचे काही आठवडे खाली बसणं, मांडी घालणं, पायावर पाय टाकणं बंद. ‘मग विडी कशी वळू?’ या प्रश्नाला ‘काम सोडा’ हे उत्तर मला मान्य नाही. उंच, हातांची खुर्ची आणि समोर टेबलावर सूप, अशी बैठक आम्ही बसवतो. रोजचा व्यायामही त्याच खुर्चीवरून उठण्या-बसण्याचा. मांडीचे स्नायू त्यानंच परत येतात. वॉकर मनगटाच्या उंचीचा हवा. घरोघरी तो शेजारून मागून आणलेला, भलत्याच मापाचा असतो. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. आणि जेवणात नुसती भाकरी-चटणी पुरत नाही. डाळ, दही, चालत असेल तर अंडं रोज पोटात गेलं पाहिजे.

हे सगळं करवून घेणार कोण? बहुधा सून, जी रात्रभर जागून सकाळी कामाला जाते. ऑपरेशनला सरकारी योजनेचा आधार मिळतो. घरी येऊन चालायला शिकवण्याचा खर्च बहुतेकदा घराच्याच खिशातून जातो. निम्मे रुग्ण इथेच मागे पडतात असं मला वाटतं. म्हणून डिस्चार्जच्या आधीच फिजिओथेरपिस्टला विचारून सुनेला आणि मुलालाही उचलणं, बसवणं, चालवणं शिकवून घ्यावं.

आणखी एक राहूनच जातं. उभ्या उभ्या पडून मोडलेलं हाड बहुधा ठिसूळ असतं. त्यावर औषध सुरू केलं नाही, तर दुसरा खुबाही धोक्यात असतो. हाडांची घनता, ड जीवनसत्त्व, रक्तदाबाच्या आणि झोपेच्या गोळ्या, नजर, हे सगळं डॉक्टरांकडून तपासून घ्यायलाच हवं.

दिवाळीला पुण्या-मुंबईहून घरी आलेल्या मुलामुलींना माझी कळकळीची विनंती आहे. आई-वडिलांच्या मोरीतली शहाबादी फरशी ओली असताना एकदा स्वतः चालून बघा. परत जाण्याआधी संडासात भिंतीला धरायचा दांडा पक्का बसवा, वाटेत रात्रीचा दिवा लावा. त्याला एक गवंडी आणि एक दुपार पुरते.