गळ माळ्यावर

२ ऑक्टोबर २०२४, बुधवार, सर्वपित्री अमावास्या
गांधी जयंतीची सुट्टी. सकाळी सातच्या सुमारास साकेतच्या खाडीवर गेलो. उधाणाची भरती जितकी चढते तितकीच तिची ओहोटी खोल उतरते. पार आतपर्यंत चिखल उघडा पडला होता. पितृपक्ष असल्याने गळ घरीच. बांधावर बसून निवट्या बघत राहिलो. निवटी चिखलावर डोकं डावी-उजवीकडे घुसळत पुढे सरकते. ओल्या चिखलावर तपकिरी, किंचित सोनेरी साय दिसते ना, ते सूक्ष्म शेवाळ. निवटी तेच खरवडून खाते. बोय मासळीलाही तेच लागतं, फक्त ती भरतीच्या पाण्याबरोबर चरायला येते आणि तिच्या तोंडाचे उथळ ओरखडे मागे राहतात. हे ओरखडे पाणी उतरल्यावरच दिसतात. आज ते एका वळणावर दाट होते, पन्नास पावलांवर एकही नाही. तिथे वाळू जास्त, साय धरलेलीच नाही.

३ ऑक्टोबर, गुरुवार
घट बसले. आनंद दिघ्यांनी १९७८ मध्ये सुरू केलेला टेंभी नाक्याचा उत्सव आमच्या दारातच, त्यामुळे रस्त्यावर पाय ठेवायला जागा नाही. आता दसऱ्यापर्यंत घरात मासळी शिजणार नाही. गळ, दोरी, शिसं सगळं माळ्यावर टाकलं. खाडीवर मात्र जायचं ठरवलं आहे. गळ हातात असला की सगळं लक्ष दोरीवर राहतं.

६ ऑक्टोबर, रविवार
शुद्ध चतुर्थी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा कोळ्यांचा हिशेब. म्हणजे तीनच्या आसपास. भरती तिवरांच्या मुळांत शिरली तोवर काही विशेष नाही. खरी गंमत पाणी फिरल्यावर. चेंदणी कोळीवाड्यातले काका भेटले. म्हणाले, “पानी बग, मंग गल टाक.” त्यांनी तिवरांतून निघणाऱ्या एका ओहोळाचं तोंड दाखवलं. दोन बगळे आधीच तिथे उभे होते, खंड्या वरच्या फांदीवर.

तिवराची पानं गळतात, कुजतात, त्यांवर बुरशी आणि जिवाणू वाढतात. त्यावर बारीक जीव, त्यांवर कोळंबी. कोळंबीची अंडी समुद्रात, पण पिल्लं वाढायला खाडीत येतात आणि मोठी झाली की परत जातात. भरतीला ही सगळी पिल्लावळ मुळांत पसरते. ओहोटीला तिला अरुंद ओहोळातून बाहेर पडावंच लागतं, आणि जिताडा मासा नेमका तिथेच तोंडाशी उभा असतो. साडेचारला पाणी तुटलं, टाचणीएवढ्या कोळंब्या चमकत वर उडाल्या आणि मागोमाग ‘थप्प’ असा भरीव आवाज. तो आवाज ऐकला की अंगावर काटा येतो.

८ ऑक्टोबर, मंगळवार
संध्याकाळी तलावपाळी. लोक कुरमुरे टाकत होते. गोड्या पाण्यातल्या माशांची तोंडंच सगळं सांगून टाकतात: कटल्याचं तोंड वर वळलेलं, तो वरच्या थरातले बारीक प्राणिजीव गाळून खातो, रोहू मधल्या थरात, मृगळाचं तोंड खाली, तो तळ उकरतो. एकाच तळ्यात तिघे नांदतात ते त्यामुळेच. १८७३ साली एच. एस. थॉमस यांनी ‘द रॉड इन इंडिया’ या गळाच्या मासेमारीवरच्या पुस्तकात महसीर काय काय खातो याचा बारकाईने विचार केला आहे. काठावरच्या झाडांची फळंही त्यात आली. आपल्याकडे हे ज्ञान कोळी आणि आदिवासी घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे, पण कागदावर फार थोडं उतरलं. याची मला खंत वाटते.

११ ऑक्टोबर, शुक्रवार
भांग, म्हणजे उधाणाच्या उलट. पाणी सुस्त, ओहोळाला ओढ नाही. बगळेही नव्हते. परत आलो.

१९ ऑक्टोबर, शनिवार
वद्य द्वितीया. दसरा, एकादशी, कोजागिरी सगळं झालं, आज गळ खाली काढला. काकांनी ओहोळातच पाग टाकून कोळंबी काढून दिली. तिथला मासा जे खातोय तेच गळाला. साडेतीनला पाणी तुटलं. बगळे आले तेव्हाच दोरी सोडली. हाताच्या कोपराएवढा जिताडा लागला. काकांच्या पागात दोन बोयी आल्या, त्यातली एक मला दिली.

घरी आईने मासे कापले तेव्हा शेजारी बसलो. जिताड्याच्या पोटात सहा कोळंब्या, दोन अगदी ताज्या, आणि एक निवटी अर्धी विरघळलेली. बोयच्या पोटात मात्र बारीक करडा चिखल आणि रेती. तिला कोंबडीसारखा जाड, कठीण पेटा असतो, त्यात ती रेतीबरोबर शेवाळ दळते. मासा चिरताना पोट फेकून देऊ नये, आधी उघडून बघावं. उद्या काय लावायचं ते तिथेच कळतं.

२० ऑक्टोबर, रविवार
पलीकडच्या ओहोळावर गेलो. त्याच्या तोंडाशी कुणीतरी राडारोडा ओतला आहे, वरची तिवरं सुकत चालली आहेत. पाणी आत शिरत नाही, म्हणून बाहेर काही येत नाही. पूर्ण ओहोटीत एकही बगळा दिसला नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कांदळवनं तोडायला आणि तिथे भराव टाकायला राज्यभर मनाई केली आहे. खाली ऐरोलीकडच्या खाडीला २०१५ पासून रोहित पक्ष्यांचं अभयारण्य म्हणून आणि २०२२ पासून रामसर स्थळ म्हणून मान आहे, पाणी तर हेच. दोन्ही ओहोळांचे फोटो काढले, एकाच ओहोटीचे, वेळ लिहून. उद्या कांदळवन कक्षाकडे तक्रार देणार आहे. काका सोबत येतो म्हणाले.