ताळा आणि पडताळा

आमच्या घरात सध्या एक वाद चालू आहे. धाकटा नातू पदार्थविज्ञान घेऊन पुढे तंतुसिद्धांताचा, म्हणजे ज्यास इंग्रजीत स्ट्रिंग थिअरी म्हणतात त्याचा, अभ्यास करू म्हणतो. ज्या सिद्धांतास पन्नास वर्षांत प्रयोगाचा दाखला मिळाला नाही, त्यास मुलाने आयुष्य वाहावे काय, अशी त्याच्या वडिलांची शंका आहे. शंका रास्त आहे. म्हणून तिचा शांतपणे विचार केला पाहिजे.

विश्वातील मूलकण हे बिंदू नसून अतिसूक्ष्म तंतू आहेत, असे हा सिद्धांत सांगतो. मिरजेच्या तंबोऱ्याची एकच तार अनेक रीतींनी कंप पावते व एका नादात अनेक स्वर ऐकू येतात. तद्वत तंतूच्या कंपभेदावरून कणभेद होतो. त्यांतील एक कंप हाच गुरुत्वाकर्षणाचा कण ठरतो, असे १९७४ साली शेर्क व श्वार्झ यांनी दाखविले. १९८४ साली ग्रीन व श्वार्झ यांनी गणितातील एक मोठी विसंगती दूर केली आणि जगभरचे पंडित या मार्गास लागले.

शाळेत उत्तर काढल्यावर आपण ताळा पाहतो. तसा एक ताळा येथे जुळला आहे. कृष्णविवराची एंट्रॉपी त्याच्या पृष्ठाच्या क्षेत्रफळावरून काढण्याची रीत बेकेनस्टाईन व हॉकिंग यांनी दिली होती. १९९६ साली स्ट्रॉमिंजर व वाफा यांनी तंतुसिद्धांतातील सूक्ष्म अवस्था मोजून नेमके तेच उत्तर आणले. या मोजदादीत अतीश दाभोळकर यांनीही मोलाची भर घातली. ‘प्रयोग परिवार’ उभारणारे कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर यांचे हे चिरंजीव. २०१९ साली इटलीतील ट्रिएस्ट येथील सैद्धांतिक भौतिकीच्या आंतरराष्ट्रीय केंद्राचे ते संचालक झाले. पित्याने शेतकऱ्यांस आपापल्या मातीत प्रयोग करावयास लावले. पुत्राने प्रयोगाचा हात जेथे पोहोचत नाही असे क्षेत्र निवडले!

परंतु ताळा निराळा आणि पडताळा निराळा. स्ट्रॉमिंजर-वाफांनी मोजलेली कृष्णविवरे विशिष्ट, आदर्श प्रकारची आहेत, आकाशातली नव्हेत. सिद्धांतास दहा मिती लागतात, आणि जादा सहा मिती गुंडाळण्याचे प्रकार एकावर पाचशे शून्ये इतके असावेत, असा एक अंदाज आहे. ज्या सुपरसिमेट्रीवर पुष्कळांची भिस्त होती, तिचे कण जिनेव्हाजवळील महायंत्रात अद्याप आढळलेले नाहीत. नैयायिक पर्वतावरील धुरावरून अग्नीचे अनुमान करतात. येथे अजून धूरही दिसलेला नाही.

मग नातवास अडवावे काय? मला तसे वाटत नाही. गुरुत्वाकर्षण आणि क्वांटमशास्त्र यांचा मेळ कसा बसतो, हा प्रश्न खरा आहे, आणि खऱ्या प्रश्नापाशी झालेले श्रम वाया जात नाहीत. या गणिताने शुद्ध गणितासही नव्या वाटा दिल्या आहेत. मात्र दोन गोष्टी त्याने आरंभीच मनाशी बांधाव्यात. ताळ्यास पडताळा म्हणू नये, ही पहिली. पडताळा आपल्या हयातीत येईलच असे नाही, ही दुसरी. आणि ती त्याच्याइतकीच आम्हां घरच्या मंडळींनीही समजून घेतली पाहिजे.