मैदानांतील वग

गेल्या चैत्रांत खडकवासल्यास मोकळ्या मैदानावर लोकनाट्य तमाशाचा प्रयोग होता. वग तानाजी मालुसऱ्यांचा. घरच्या सर्वांनीं मिळून जावें असा बेत मीं मांडला, तेव्हां मुलें नाचूं लागलीं. परंतु माझी आई एकदम गप्प झाली.

तिचें बालपण नगर जिल्ह्यांतील एका खेड्यांत गेलें. तिचे वडील मिशनच्या शाळेंत शिक्षक होते. तमाशाचें नुसतें नांव काढणेंही त्या घरांत वर्ज्य होतें. जत्रेच्या रात्रीं दारास आंतून कडी लागे, आणि अंथरुणावर पडल्या पडल्या ती दूरची ढोलकी, हलगी व तुणतुणें ऐकत राही. नाद सारा पाठ, पण डोळ्यांनीं कांहींच पाहिलेलें नाहीं, अशीं तिचीं सत्तर वर्षें गेलीं. आजोबांचा तो केवळ हट्ट होता असें मात्र मी म्हणणार नाहीं. कनातीबाहेरची दारू त्यांनीं पाहिली होती.

अखेर ती आली. घोंगडी पसरून आम्ही अगदीं पुढें बसलों. रंगमंच म्हणजे कांहीं लाकडी चौक्या आणि मागें एक पडदा. त्या पडद्याच्याही मागें, आकाशाला टेकलेला, खराखुरा सिंहगड! विष्णुदास भावे यांनीं १८४३ सालीं सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केलें, तेथून मराठी रंगभूमीचा इतिहास मी वर्गांत शिकवितों. तमाशाचे फड त्यापूर्वीं पेशवाईंतच गाजत होते, हें मी एका वाक्यांत उरकतों. माझ्या विद्यार्थ्यांच्या तें लक्षांत आलें असेल. माझ्या मात्र त्या रात्रीं आलें.

गण झाला, गवळण झाली. मावशीच्या बोलण्यावर मुलें पोट धरधरून हंसलीं. मग वग सुरू झाला. हलगीची लय पालटली कीं आई माझ्या कानांत सांगे, “आतां सोंगाड्या येईल बघ,” आणि तो येई.

तानाजी व उदयभान यांच्या तलवारी भिडल्या, आणि त्याच क्षणीं वीज गेली. मैदानभर काळोख. ध्वनिवर्धकही मुका झाला. “उदयभानानें गडाचें बिल भरलेलें दिसत नाहीं!” सोंगाड्या अंधारांतून ओरडला व हंशा पिकला. ढोलकी क्षणभरही थांबली नव्हती. आईनें माझा हात धरला.

“असेंच,” ती म्हणाली. “अगदीं असेंच ऐकूं येई.”

गांवच्या तरुणांनीं मोटारसायकली पुढें आणून त्यांच्या दिव्यांचा झोत रंगमंचावर सोडला. त्या उजेडांत तानाजी पडला. पळणाऱ्या मावळ्यांना सूर्याजीनें घातलेली हांक यंत्रावांचून शेवटच्या रांगेपर्यंत पोहोंचली. माझी धाकटी मुलगी मान वळवून गडाकडे पाहत होती. तेथें दूरदर्शनच्या मनोऱ्यावर तांबडा दिवा लुकलुकत होता.

“बाबा, तानाजी त्या दिव्यापर्यंत चढला?”

“तेव्हां दिवा नव्हता,” मीं सांगितलें. “४ फेब्रुवारी १६७० ची, माघ वद्य नवमीची रात्र होती ती.”

“म्हणजे आतांसारखाच अंधार?”

प्रयोग संपला तेव्हां मध्यरात्र उलटून गेली होती. धरणाच्या रस्त्यानें परततांना आई बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. घराजवळ आल्यावर हलक्या आवाजांत म्हणाली, “हें तुझ्या आजोबांच्या कानांवर जातां कामा नये हो.”

आजोबांना जाऊन तीस वर्षें झालीं आहेत. “नाहीं सांगत,” मी म्हणालों.