लायब्ररीतली २४७ अक्षरं

चेन्नईत तरमणीच्या टायडेल पार्कपासून दक्षिणेला जुना महाबलीपुरम रस्ता लागतो. त्या पट्ट्यातल्या काचेच्या इमारतींत बँकांची, विमा कंपन्यांची सॉफ्टवेअरं होतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. तिथे शाळेचे धडेही मोठ्या प्रमाणावर तयार होत, हे मला पुण्याहून तिकडे नोकरीला गेल्यावर कळलं. पाचवीच्या मुलाने पडद्यावर बटण दाबलं की हृदयाचे कप्पे उघडायचे, गोळा उतरणीवरून घरंगळायचा, अपूर्णांकाची पोळी कापली जायची. हे सगळं तेव्हा फ्लॅश या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये होत असे आणि मी फ्लॅशचा प्रोग्रामर होतो.

२००७च्या एप्रिलमध्ये फ्लॅश सीएस३ आलं आणि आमच्या कामाची पद्धतच बदलली. त्याआधी आमचा कोड चित्रातच लिहिलेला असे. टाइमलाइनवरच्या कुठल्या तरी फ्रेमवर दोन ओळी, एखाद्या बटणाच्या पोटात चार ओळी. दुसऱ्याने केलेली फाइल उघडली की त्या ओळी शोधण्यातच सकाळ जायची. फाइलीतल्या चित्रांचा साठा म्हणजे लायब्ररी. तिच्यातल्या चित्राला तेव्हाही नाव देता येई, पण ते नुसतं अवतरणचिन्हांतलं नाव. ते लिहून चित्र पडद्यावर बोलवायचं, आमच्याकडे एवढाच त्याचा उपयोग होता.

सीएस३मधल्या ॲक्शनस्क्रिप्ट ३ या कोडच्या भाषेत लायब्ररीतलं चित्र स्वतःच क्लास, म्हणजे कोडमधला साचा, झालं. लायब्ररीतल्या चित्रावर, म्हणजे सिम्बॉलवर, उजवी कळ दाबायची, 'लिंकेज' उघडायचं, 'एक्स्पोर्ट फॉर ॲक्शनस्क्रिप्ट'समोर खूण करायची. तिथे दोन चौकटी दिसतात: क्लास आणि बेस क्लास. पहिल्या चौकटीत लिहिलेल्या नावाची कोडची फाइल शेजारी असेल तर चित्र आणि कोड एकमेकांना जोडले जातात. मग कोडमध्ये 'न्यू' म्हणून ते नाव घ्यायचं, की आपल्या सगळ्या वागणुकीसकट चित्र जन्माला येतं. चित्रकाराने चित्र बदललं तरी कोडला हात लावावा लागत नाही, कोड बदलला तरी चित्र शाबूत राहतं. मला आजही वाटतं की त्या सॉफ्टवेअरमधली सर्वांत मोलाची जागा ती दोन चौकटींची खिडकी होती. दोन वेगळ्या प्रकारची माणसं तिथे एकत्र काम करू शकत होती.

ते मला पटलं तमिळ मुळाक्षरांच्या कामात.

तमिळमध्ये १२ स्वर, १८ व्यंजनं, त्यांच्या गुणाकाराने होणारी २१६ अक्षरं आणि वर एक आय्दम, अशी २४७ अक्षरं आहेत. पहिलीच्या मुलाने बोटाने किंवा माउसने अक्षर गिरवायचं, चुकलं तर रेघ लाल व्हायची, जमलं तर आवाज उमटायचा. फॉन्ट वापरून हे भागण्यासारखं नव्हतं. एक तर त्या वेळच्या फ्लॅश प्लेअरमध्ये भारतीय लिप्या नीट जुळत नसत. तमिळमध्ये एकाराची खूण व्यंजनाच्या डावीकडे बसते, ती उजवीकडेच पडून राहायची. दुसरं म्हणजे गिरवायच्या अक्षराला सुरुवात कुठे, वळण कुठे, हे आतूनच माहीत असावं लागतं. म्हणून प्रत्येक अक्षर हाताने काढून लायब्ररीत ठेवायचं ठरलं.

अक्षरं काढणारे अण्णा माझ्याहून बरेच मोठे होते. त्यांचे वडील सिनेमाचे बॅनर रंगवायचे. माउंट रोडवर उभे राहणारे ते प्रचंड चेहरे व्हिनाइलवर छापले जायला लागले तसं घरातलं काम आटलं आणि अण्णा संगणकाकडे वळले. अक्षराची रेघ ते टॅबलेटवर एका झटक्यात ओढत. काढून झालं की पेन बाजूला ठेवून, हवेत बोट फिरवून तीच रेघ पुन्हा ओढून बघत. बोट जिथे अडखळे, तिथे चित्रात दुरुस्ती करत. मी शेजारी बसून ते पाहायचो आणि तमिळ वाचायला शिकत गेलो.

अडचण आली ती नावांची. लायब्ररीतल्या प्रत्येक सिम्बॉलला रोमन अक्षरांत नाव हवं होतं. मराठी माणसाला ल आणि ळ परके नाहीत, पण तमिळमध्ये त्यांच्यासोबत तिसरा एक उच्चार आहे, जीभ मागे वळवून कुठेही न टेकवता काढलेला. 'तमिळ' या शब्दाच्या शेवटी तोच असतो. र दोन आहेत. ण आहेच, वर न दोन. हे रोमनमध्ये कसं लिहायचं? कुणी मोठा एल लिही, कुणी दोन छोटे एल, कुणी झेड-एच. कोडला लहान-मोठं अक्षर वेगवेगळं कळतं. पण उच्चाराच्या ध्वनिफाइलींना तीच नावं द्यायची होती, आणि विंडोजच्या एका फोल्डरमध्ये फक्त लहान-मोठ्या अक्षराचा फरक असलेल्या दोन फाइली राहत नाहीत. ल चा आवाज ठेवला की ळ चा पुसला जायचा.

याहून त्रासाची गोष्ट म्हणजे फ्लॅश अशा ठिकाणी आरडाओरडा करत नसे. चौकटीत लिहिलेल्या नावाचा क्लास सापडला नाही, तर 'हा क्लास मिळाला नाही, तो मीच तयार करून घेईन' असं सौम्यपणे सांगून ते एक रिकामा क्लास बनवायचं. चित्रकाराच्या दृष्टीने ही सोयच, कोड लिहून होण्याआधी त्याला नावं देऊन पुढे जाता येतं. पण एका अक्षराची गफलत झाली की पडद्यावर अक्षर दिसायचं आणि नुसतं बसून राहायचं. गिरवा, काही होत नाही. चालवताना एरर नाही, सूचना नाही. ते फक्त वापरून पाहणाऱ्यालाच सापडायचं.

वापरून पाहणाऱ्या होत्या अक्का. टेस्टिंग विभागात त्या सर्वांत जुन्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला मराठीत विचारलं, "तुम्ही पुण्याचे काय?" त्या तंजावरच्या मराठी घरातल्या. एकोजीराजांनी १६७०च्या दशकात तंजावर घेतलं, तेव्हापासून तिकडे स्थायिक झालेली ही घरं. घरात मराठी बोलतात, लिहिणं-वाचणं सगळं तमिळमध्ये. तमिळ उच्चारांच्या बाबतीत अक्कांचा कान इतका तयार होता, की तिसऱ्या ळ चा आवाज जरा सपाट निघाला तर त्या ध्वनिमुद्रण परत करायला लावत.

नावांचा तिढा अण्णांनी सोडवला. आमची बैठक चालली होती, रोमन लिप्यंतराच्या कुठल्या पद्धतीने जावं यावर. ते शांतपणे म्हणाले, "तंबी, नंबर पोडलाम." नंबर घालू या. मग समजावून सांगितलं: वडील चाळीस फुटांचा चेहरा रंगवायचे तेव्हा छोट्या फोटोवर चौकटी आखत, तशाच चौकटी कापडावर आखत, आणि प्रत्येक चौकटीला आडवा-उभा आकडा असे. कुठला रंगारी काय रंगवतोय हे त्या आकड्यावरून कळे, त्याला डोळा की कान हे माहीत असायची गरज नव्हती.

तमिळची अक्षरं तशीच चौकटीत बसतात. १८ आडव्या ओळी, १२ उभ्या. व्यंजनाला एम, स्वराला यू, पुढे दोन-दोन आकडे. ठिपक्याचं, बिनस्वराचं व्यंजन म्हणजे यू शून्य शून्य, सुटा स्वर म्हणजे एम शून्य शून्य, आणि आय्दमला शून्य-तेरा. 'तमिळ' हा शब्द आमच्या लायब्ररीत एम ०७ यू ०१, एम १० यू ०३, एम १५ यू ०० असा झाला. लहान-मोठ्या अक्षराचा वाद मिटला, ध्वनिफाइली सुखाने एका फोल्डरमध्ये नांदू लागल्या. पुढे ग्रंथ लिपीतून आलेले ज, ष, स, ह लागले, तेव्हा १९पासूनच्या ओळी मोकळ्याच होत्या.

आता दुसरी चौकट, बेस क्लास, म्हणजे ज्याची वागणूक वारशाने मिळते तो. एक क्लास एकाच सिम्बॉलला जोडता येतो. २४७ अक्षरांना एकच 'अक्षर' नावाचा क्लास लावायला गेलं की फ्लॅश दुसऱ्याच अक्षराला नकार देतं. म्हणून क्लासच्या चौकटीत प्रत्येकाचा आपला आकडा आणि बेस क्लासच्या चौकटीत सर्वांच्या 'अक्षर'. आकड्याचा क्लास फ्लॅश स्वतःच बनवतं, आणि जी सौम्य सूचना आधी डोकेदुखी होती तीच इथे उपयोगी पडते. गिरवण्याची, रंगण्याची, आवाजाची सारी वागणूक एका फाइलीत राहिली. आपण कोणतं अक्षर आहोत हे प्रत्येकाने स्वतःच्या क्लासचं नाव वाचून ओळखायचं. नावात आकडे होतेच. ओळ कळली, रकाना कळला, ध्वनिफाइल कळली.

त्यात बारीक गाठी होत्या. अण्णा प्रत्येक अक्षराच्या आत 'आरंभ' नावाचा एक ठिपका ठेवत. 'अक्षर' क्लासमध्येही त्या ठिपक्याची नोंद होती, आणि फ्लॅश आपणहून दुसरी नोंद करायचं. मग वारशाने आलेल्या नावाशी संघर्ष होतोय, अशी ११५२ क्रमांकाची एरर यायची. पब्लिश सेटिंग्जमधली आपोआप नोंद करण्याची खूण काढली की ती थांबते. दुसरी गाठ अशी, की कोडने जन्माला घातलेल्या अक्षराला जन्मक्षणी पडदा ठाऊकच नसतो. ते पडद्यावर ठेवलं जाईपर्यंत थांबून मगच माउसकडे लक्ष द्यायचं. आणि सगळी अक्षरं पहिल्या फ्रेममध्ये भरली, तर शाळेतल्या जुन्या संगणकावर पडदा बराच वेळ कोरा राहतो. लिंकेजमधली पहिल्या फ्रेमची खूण काढून आम्ही अक्षरं पुढच्या फ्रेमवर, पडद्याच्या कडेबाहेर ठेवली.

या मांडणीचा कस लागला तमिळनाडूत समच्चीर कल्वी आली तेव्हा. वेगवेगळ्या मंडळांचे अभ्यासक्रम एक करण्याचा कायदा २०१०मध्ये झाला. त्या वर्षी पहिली आणि सहावीची पुस्तकं बदलली, आणि ऑगस्ट २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर दहावीपर्यंतच्या बाकीच्या इयत्तांचीही. धड्यांचा क्रम, चित्रं, शब्द, सगळं नवं. शेजारच्या गटांत जुन्या पद्धतीच्या फाइली होत्या, कोड चित्रांत विखुरलेला. ती माणसं रात्री उशिरापर्यंत बसलेली मी पाहिली. आमच्याकडे अण्णांनी नवी चित्रं त्याच सिम्बॉलमध्ये ओतली आणि मी शब्दांच्या याद्या बदलल्या. 'अक्षर'च्या फाइलीला कुणाला हात लावावा लागला नाही.

फ्लॅशचं पुढे काय झालं ते सर्वश्रुत आहे. आयफोनने ते कधी घेतलंच नाही, २०१७च्या जुलैमध्ये ॲडोबीने शेवट जाहीर केला, ३१ डिसेंबर २०२०ला आधार संपला आणि १२ जानेवारी २०२१पासून प्लेअरने फिल्म चालवणंच बंद केलं. दरम्यान सॉफ्टवेअरचं नाव ॲनिमेट झालं होतं आणि त्यातून एचटीएमएल५ कॅनव्हासवर काम काढता येत होतं. मी तो कोड जावास्क्रिप्टमध्ये नव्याने लिहिला. बेस क्लासची सोय तिथे तशी मिळाली नाही, वागणूक बाहेरून जोडावी लागली. पण लायब्ररीत लिंकेजचा रकाना होता आणि आकडेही जसेच्या तसे. अण्णांची एक रेघही पुन्हा काढावी लागली नाही. ते तोवर निवृत्त झाले होते. मी फोन करून हे सांगितलं तेव्हा त्यांनी आधी तिसऱ्या ळ बद्दल विचारलं, त्याची खालची गाठ नीट दिसते ना म्हणून.

आणि मग अक्कांनी काम काढलं. त्यांच्या नाती घरात मराठी बोलतात, वाचता मात्र येत नाही. "तमिळचं झालं, आता आमचं करा," त्या म्हणाल्या. मराठी अक्षरं अण्णांनीच काढून द्यायचं कबूल केलं. पहिल्या खेपेला ल आणि श हिंदी वळणाचे आले, कारण समोरचा फॉन्ट तसा होता. २००९च्या शासन निर्णयाने मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवून दिला आहे. तो नमुना पाठवला आणि दोन्ही बदलून आले.

मराठी चौकटीत बसत नाही, ते जोडाक्षरांमुळे. तमिळमध्ये व्यंजनावर ठिपका दिला की भागतं. आपल्याकडे 'ज्योत्स्ना'तली जोडणी कुठल्या ओळीत, कुठल्या रकान्यात घालायची? सगळी जोडाक्षरं काढून ठेवणं अशक्य. म्हणून यू शून्य शून्यच्या रकान्यात अर्धी अक्षरं ठेवली आणि ती ओळीने मांडून शेवटी पूर्ण अक्षर जोडणारा 'जोडाक्षर' हा वेगळा क्लास लिहिला. बहुतेक व्यंजनं गुण्यागोविंदाने बसली. र मात्र एका अर्ध्या रूपात मावत नाही. पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसतो, प्र मध्ये पायाशी तिरकी रेघ होतो, ट्र मध्ये खाली काकपद होतो, आणि दऱ्या-खोऱ्यांत आडवी चंद्रकोर. एम २७ यू ०० च्या मागे ए, बी, सी, डी लावून ही चार चित्रं केली. पहिली तीन कुठे घ्यायची हे क्लास शेजारचं अक्षर पाहून ठरवतो. चौथं त्याला ठरवता येत नाही. दर्या आणि दऱ्या, दोन्हीकडे र नंतर य च असतो, नियम कितीही लिहा. ते शब्दानेच सांगावं लागतं. म्हणून शब्दांच्या यादीत त्यासाठी एक रकाना वाढवला आहे आणि तो अक्का भरतात, प्रत्येक शब्द मोठ्याने म्हणून.