माग

आजोबांच्या बंदुकीचा विषय आमच्या घरी कुणी काढीत नसे. मी ती पाहिलेलीही नाही. माझ्या जन्माच्या कितीतरी आधी ती घरातून गेली होती. ठाऊक आहे ते एवढेच, की सरकारी नोकरीनिमित्त भंडारा जिल्ह्यात असताना, 1961 च्या हिवाळ्यात, आजोबांनी संध्याकाळी एका चितळावर गोळी झाडली. चितळ जखमी होऊन झुडपांत शिरले. अंधार पडत होता आणि बरोबरच्या मंडळींना जेवणाची घाई होती. दुसऱ्या दिवशी पुष्कळ शोधले, सापडले नाही. शोधणाऱ्यांत अकरा वर्षांचे माझे वडीलही होते. 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि अनेकांची शिकार सुटली. आजोबांची त्याआधी अकरा वर्षे सुटली होती.

2023 च्या दिवाळीच्या सुटीत मी अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यात, मामेभावाकडे गेलो होतो. तिथे थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारपासून नऊ दिवस बंदुकीने हरणाची शिकार करायला परवानगी असते. शेजारच्या म्हाताऱ्यांनी सहज विचारले, "येता का?" मी हो म्हणालो. वहिनी थक्कच झाल्या. "भावजी, तुम्ही तर अंडेसुद्धा खात नाही!" खरेच होते ते. आमच्या मास्तरकीत रक्त म्हणजे लाल शाई! गोळी चुकून लागू नये म्हणून तिथे भडक नारिंगी जाकीट घालावे लागते. ते घालून मी दसऱ्याच्या झेंडूच्या ढिगासारखा दिसत होतो.

दुपारी साडेतीनला, ओकच्या रानाच्या कडेला, पांढऱ्या शेपटीचे एक हरीण आले. गोळी सुटली. हरणाने पाठ आकसली आणि शेपूट खाली घालून ते रानात गेले. मी उठून धावणार, तोच म्हाताऱ्यांनी बाही धरून मला खाली बसविले. अर्धा तास आम्ही गप्प बसून होतो. मग ते जागेवर गेले, वाकले, पानावरचे रक्त बोटाने पाहिले. फेसाळ गुलाबी असते तर फुप्फुस. हे गडद, काळपट होते. म्हणजे यकृत. तिथल्या काट्याला त्यांनी कागदाचा पांढरा तुकडा अडकविला आणि सरळ घरी निघाले.

मला तो निर्दयपणा वाटला. पण आत्ता पाठलाग केला तर ते उठेल, मैलभर जाईल आणि कुठेतरी एकटे तडफडत मरेल. निजू द्यावे, म्हणाले. चार तास आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात काढले. त्यांनी माझ्यापुढे पाव, चीज ठेवले. स्वतः नुसती कॉफी घेतली. घड्याळाकडे मात्र सारखे पाहत होते.

आठला कंदील घेऊन निघालो. शेवटचा थेंब जिथे सापडे, तिथे मी खुणेच्या खांबासारखा उभा राहायचे आणि त्यांनी पुढचा शोधायचा. तोही मागाच्या बाजूने चालत, मागावर पाय न देता. पुढचा मिळाला की कागद, आणि मी पुढे. वर्गात मी दरवर्षी सांगतो, की मृग या शब्दात शोधणे आहे, त्यावरून मार्ग, मार्गावरून आपला माग. सांगून सांगून गुळगुळीत झालेले ते वाक्य त्या थंडीत खांबासारखे उभे राहून मला प्रथमच समजत होते.

एका ओढ्यापाशी माग तुटला. बर्फ पडलेले नव्हते, आणि ओकच्या वाळक्या पानांवर तांबडे ठिपके मूळचेच असतात. सत्तरी उलटलेला तो माणूस हातापायांवर रांगू लागला. मीही रांगू लागलो. ओले बोट लावायचे. ठिपका पसरला तर रक्त, नाहीतर पानच. किती पाने पाहिली कोण जाणे! अखेर एक पसरला.

तिथून वीस पावलांवर हरीण होते, कुशीवर निजलेले. म्हाताऱ्यांनी पाठीमागून जाऊन काठीचे टोक हळूच त्याच्या डोळ्याला लावले. पापणी हलली नाही. तेव्हा त्यांनी टोपी काढली आणि तिथेच खाली बसले.

परतताना कागद मी वेचले. खिसा भरला.

रात्री दहाला वडिलांना फोन केला. तिकडे सकाळ झाली होती. सगळे सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मला वाटले, फोन तुटला.

मग त्यांनी विचारले, "ओढ्याच्या अलीकडे होते की पलीकडे?"

"पलीकडे," मी म्हणालो.

"आम्ही अलीकडेच शोधत बसलो," ते म्हणाले.